वकीलसाहेबांचा पुकारा

घर घेताना वकील कसा निवडावा, असं शाळेतल्या नव्या बाई मला अजून विचारतात. मी त्यांना एवढंच सांगते, की जो पहिल्या भेटीत "डोळे झाकून घ्या" म्हणेल, त्याच्याकडचा चहा प्यायचा, नमस्कार करायचा आणि उठायचं. आमचा पहिला वकील असाच होता. कोर्टाबाहेर त्याचं टेबल होतं. आमच्या कागदांची पिशवी त्यानं उघडली, वरची दोन पानं चाळली, खालची उर्दूत आहेत म्हटल्यावर ती तशीच परत कोंबली आणि म्हणाला, "क्लिअर आहे ताई. डोळे झाकून घ्या." मी म्हटलं, "डोळे झाकून घ्यायला ते काय एरंडेल आहे?" नवऱ्यानं टेबलाखालून माझा पाय दाबला. माझा स्वभाव त्याला माहीत होता, वकिलाला नव्हता.

अठ्ठेचाळीसच्या पोलीस ॲक्शनला चाळीस वर्षं होऊन गेली होती, तेव्हाची ही गोष्ट. शहराला आम्ही औरंगाबादच म्हणायचो. मी प्राथमिक शाळेत शिकवायची, नवरा वाळूजला कंपनीत, दर आठवड्याला पाळी बदलायची. अकरा वर्षांच्या संसारात भाड्याची सात घरं झाली होती. पुंडलिकनगरातल्या मालकानं मुलाचं लग्न ठरलं म्हणून उन्हाळ्याच्या सुट्टीच्या आत खोल्या मागितल्या होत्या. मला आठवं भाड्याचं घर नको होतं. नको म्हणजे नकोच! भिंतीत खिळा ठोकायला कुणाला विचारायला लागू नये, एवढं एकच मला हवं होतं, आणि त्यासाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढं मी जे केलं त्याची मला लाज वाटते.

घर जुन्या शहरातल्या एका गल्लीत होतं. खाली दोन खोल्या, मागं पडवी, वर एक खोली, अंगणात हापसा. विकणारा अजिंठ्याकडचा, बऱ्या शेतीवाडीच्या घरातला, चाळिशीचा माणूस. त्याच्या आजानं पोलीस ॲक्शननंतर हैदराबादला निघालेल्या एका मुसलमान कुटुंबाकडून हे घर घेतलं होतं. आता त्याला गावाकडं दुकान टाकायचं होतं म्हणून तो घर काढत होता.

पहिल्यांदा बघायला गेलो तेव्हा कडी वाजवायला मी हात उचलला आणि दार आपोआप उघडलं. आत कुणी दिसेना. मग दाराआड भिंतीला चिकटून उभी असलेली एक बारीक म्हातारी दिसली. डोक्यावरून पदर, नजर खाली. मी "नमस्कार" म्हटलं, तर ती आणखी मागं सरकली.

"राखणीला ठेवलीया," विकणारा म्हणाला. म्हणाला, पण बघत होता भिंतीकडं.

"नाव काय त्यांचं?"

"बाईच म्हनतो आमी."

तो माणूस तसा वाईट नव्हता. बोलायला मोकळा, हसतमुख. पण तासाभरात त्यानं त्या बाईकडं एकदाही पाहिलं नाही. तिनं चहा आणला, खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला आणि चार पावलं मागं गेली. ती मागं गेल्यावरच त्यानं कप उचलला. ती वाटेत आली की तो थांबायचा, तिच्या पलीकडं कुठंतरी बघत राहायचा आणि ती गेली की पुढं चालायचा. सगळ्या घरात एकही आरसा नव्हता. मधल्या खोलीत एक जुना फोटो होता. दोन वेण्या घातलेली, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असलेली मुलगी. फ्रेमवर त्याच दिवशीचं, ओलं तगरीचं फूल.

"ही माझी आत्या," तो म्हणाला. "आजानं शहरात आणून फोटो काढला व्हता, स्थळाला दाखवायला. रझाकारांच्या धामधुमीत गेली बिचारी."

परत येताना आमची सहा वर्षांची लेक म्हणाली, "आई, त्या आजी काचेच्या आहेत का? ते काका त्यांच्यातून पलीकडं बघतात." मी तिला गप्प बस म्हटलं. पण माझ्या अंगावर काटा आला होता, आणि तरीही रिक्षात बसल्या बसल्या मी वरच्या खोलीत कपाट कुठं ठेवायचं ते ठरवत होते.

आमच्या शाळेच्या शेजारी उर्दू शाळा आहे. तिथल्या एका बाईंनी मला दुसऱ्या वकिलाचा पत्ता दिला. "लई जुना माणूस आहे," त्या म्हणाल्या. "वेळ घेतो, डोकं खातो, पण त्याचा कागद कुणी फाडला नाही." जुन्या बाजारात एका अंधाऱ्या जिन्यावर त्यांची खोली होती. सत्तरी ओलांडलेले, विटलेला काळा कोट, डाव्या कानानं ऐकू कमी. निजामाच्या काळात ते कायदा उर्दूतूनच शिकलेले. आमचे कागद त्यांनी बोट ठेवून ओळ न् ओळ वाचले. पाऊण तास एक शब्द नाही. नवरा रात्रपाळी करून आलेला, तो खुर्चीतच पेंगायला लागला.

शेवटी त्यांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "घर किसको होना? आपको, या इनको?"

"मला," मी म्हटलं.

"तो अब से आप आना. इनको सोने दो." मग एकदम विचारलं, "उस घर में पानी कौन भरता?"

हा काय प्रश्न झाला? वकिलानं नकाशा विचारावा, पावत्या विचाराव्यात. मी म्हटलं, राखणीला एक बाई आहेत, त्या भरतात. त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, बाईच म्हणतात. त्यांनी वहीत 'बाई' असं लिहिलं आणि त्यापुढं एक फुली मारली.

पुढचा महिनाभर त्यांनी आम्हाला नुसतं फिरवलं. नोंदणी कचेरीत शोध घेतला. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली, की तमाम लोकांस कळवण्यात येते, या घरावर कुणाचा हक्क असेल त्यानं पंधरा दिवसांत यावं. कुणी आलं नाही. मला वाटलं, चला, सुटलो. तर साहेब म्हणाले, "अब पुकारा बाकी है."

"कसला पुकारा?"

कोर्टात शिपाई दारात उभा राहून पक्षकाराच्या नावानं ओरडतो, तसला. साहेबांची पद्धतच होती ती. घराच्या कागदात जितकी नावं आली असतील, मालकाची, बायकोची, पोरांची, जिवंत, मेलेली, सगळी त्या घराच्या उंबऱ्यावर उभं राहून पुकारायची. प्रत्येक नाव तीनदा. मग थांबायचं.

मी हसले. "मेलेल्यांना कशाला हाका मारायच्या साहेब? कुणी ओ दिली म्हणजे?"

ते हसले नाहीत. "पोलीस ॲक्शन के बाद का कागज है बाई. उस साल जो कागज पे मरे, वो सब मरे नहीं थे. और जो कागज पे जिंदा थे, वो सब जिंदा नहीं थे. कितने भागे, कितने वापस आए, किसने लिखा? एक बार मैंने पुकारा नहीं किया था. उसका नतीजा एक घरवाले आज तक भुगत रहे. तब से करता हूँ."

विकणाऱ्याला कळवलं तर तो म्हणाला, "करा काय नाटक करायचं ते, मी काय गावाहून येत नाय." नवऱ्याला पहिली पाळी होती. म्हणून त्या रविवारी दुपारी साहेब, त्यांचा मुनशी आणि मी असे तिघंच गेलो. दार नेहमीसारखं आधीच उघडलं.

मुनशी पूर्वी कोर्टात पुकाऱ्याचंच काम करायचा. वाळका माणूस, पण आवाज असा की गल्लीतली कुत्री उठून बसली. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला, घराकडं तोंड करून. साहेब अंगणात खुर्ची टाकून बसले, हातात तसबीह, जपाची माळ. मला म्हणाले, "आप अंदर बैठो. मेरे कान का भरोसा नहीं, आपके कान से सुनूँगा." मी मागच्या पडवीत जाऊन बसले. ती बाई माझ्याजवळ चहाचा कप ठेवून तिथंच भांडी विसळत होती.

पहिलं नाव घर विकून गेलेल्या मूळ मालकाचं. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आणि शेवटी, "हाजिर है?" तीनदा. मग साहेबांच्या तसबीहचा एक फेरा होईपर्यंत शांतता. हापशातून पाणी ठिबकत होतं. मग त्याच्या बायकोचं नाव. मग दोन मुलांची. प्रत्येक नावानंतर ते घर अवघडून ऐकत राहायचं. मला आधी हसू येत होतं. चौथ्या नावाला ते गेलं. एवढ्या सगळ्या माणसांनी इथं जेवणखाण केलं होतं, इथं झोपली होती, आणि आता त्यांची नावं खोल्या-खोल्यांतून हिंडून परत येत होती. वरच्या खोलीत काहीतरी हलल्यासारखं वाटलं. वाराच असेल, पण वारा नव्हता.

मग विकणाऱ्याच्या आजाचं नाव झालं. मग बापाचं. शेजारी भांड्यांचा आवाज बंद झाला होता ते माझ्या उशिरा लक्षात आलं. मुनशीनं पुढचं नाव घेतलं. मुलीचं नाव, पुढं बापाचं नाव, आणि कागदात होतं म्हणून तेही, "मयत." हाजिर है? एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा नाव आलं आणि माझ्या शेजारून कुणीतरी म्हणालं, "ओ."

अगदी बारीक. बाप अंगणातून हाक मारतो आणि पोरगी आतून ओ देते, तसं. म्हातारीचा आवाज नव्हता तो. मी वळून बघितलं तर तिचा ओला हात तोंडावर होता आणि डोळे माझ्यावर. तिनं मान हलवली. नाही, नाही, नाही. माझ्या हातातला कप कधी खाली गेला मला कळलं नाही.

तसबीहचा फेरा संपला. अंगणातून साहेबांनी विचारलं, "बाई, किसी ने ओ दी?"

आणि मी म्हटलं, "नाही साहेब. कुणीच नाही."

आजही हे लिहिताना माझे कान तापतात. तिनं नको म्हटलं म्हणून मी गप्प बसले, असं मी त्या वेळी स्वतःला सांगितलं. साफ खोटं. तिनं मान हलवायच्या आधीच माझं ठरलं होतं. मला घर हवं होतं.

पुढच्या दिवसांत माझं काही खरं नव्हतं. शाळेत हजेरी घ्यायला लागले की जीभ जड व्हायची. वर्गात त्याच नावाची एक मुलगी होती, ते नाव मी इथं लिहिणार नाही. ती तापानं चार दिवस आली नव्हती. तिच्या नावापर्यंत आले की मी थांबायची. पोरं वाट बघायची. नाव उच्चारलं आणि त्या रिकाम्या जागेवरून कुणी बारीक आवाजात ओ दिली तर? तिसऱ्या दिवशी मी तिचं नाव न घेताच गैरहजेरी मांडली. पुढच्या बाकावरची एक आगाऊ मुलगी म्हणाली, "बाई, तुम्ही तिचं नाव गाळलं." मी तिच्यावर इतकी खेकसले, की ती रडायला लागली.

शेवटी एका दुपारी शाळा सुटल्यावर मी एकटीच त्या घरी गेले. दार उघडलं. मी उंबऱ्यावरूनच म्हटलं, "तुम्ही कोण आहात?"

ती खाली बसली आणि सांगायला लागली. सावकाश, एकेक शब्द शोधत.

"रझाकारांच्या भ्यानं आमचं घर निघालं व्हतं. घाट उतरून खानदेशात जायचं. गर्दीत मी मागं राहिले. एक मुसलमान म्हातारा-म्हातारी व्हते, मागावर लुगडी विणायचे. त्यांनी कोठीत लपवलं मला, पोरीवानी ठिवलं. समदं शांत झाल्यावर म्हाताऱ्यानं सोता दारात आनून सोडलं." तिनं पदरानं ओठ पुसले. "तवर माझे दिवस घालून झालते."

"मग काय झालं? तुम्ही जिवंत आलात ना!"

"बाई, माझ्या पिंडाला कावळा शिवला व्हता." ती हे मला समजावून सांगत होती, लहान पोराला सांगावं तसं. "लगीच शिवला म्हनं. आईनं सांगितलं मला. कावळा शिवला म्हंजे मी गेलेच की. मंग दारात हुबी ती कोन?"

तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं. तिला ते खरंच पटलेलं होतं. बापानं नाव घेतलं नाही. कुणी घ्यायचं नाही, असं ठरलं. गावात चर्चा नको म्हणून तिला या घरात आणून ठेवलं. बापामागं भावानं दोन घास चुकवले नाहीत, भावामागं या पुतण्यानंही, म्हणजे घर विकणाऱ्यानंही, नाही. पण जी मेलीय तिच्याशी बोलणार कसं, आणि तिच्याकडं बघणार कसं?

"आणि ते फोटोवरचं फूल?"

"आई व्हती तवर आई ठिवायची. आता कोन ठिवनार? म्याच ठिवते."

मला पहिल्यांदा तिची भीती वाटली, आणि लगेच स्वतःची. मी विचारलं, "मग ओ का दिली?"

"तवापसनं कोनी हाकच मारली न्हवती ना," ती म्हणाली. "तोंडातून निघून गेलं. तुमी नका सांगू कुनाला. तुमी घर घ्या. त्यो मला गावाकडं गोठ्याशेजारी खोली देनार हाय. त्येला बोल नको लागायला."

घरी येऊन मी नवऱ्याला काही सांगितलं नाही. दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं. त्यांचा अहवाल टाइप होऊन तयार होता. शेवटची ओळ अशी होती, की पुकारा केला असता कुणीही ओ दिली नाही, हे खरेदीदार बाईंनी स्वतः ऐकून सांगितलं. खाली माझ्या सहीसाठी जागा. मी पेन हातात घेतलं. एक सही, आणि सुट्टीच्या आत माझं घर! मी पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं. मग पेन टेबलावर आपटलं आणि रडायलाच लागले. रडत रडत सगळं सांगून टाकलं.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी माझ्यापुढं पाण्याचा ग्लास सरकवला. "मेरा कान खराब है," ते म्हणाले. "इसलिए दस्तखत आपकी मांगता था."

मग त्यांनी कायदा समजावला. बाप वारला तोवर मुलींनाही वारसाहक्क आला होता. वारस नोंदीत भावाचं नाव होतं आणि हिच्यापुढं मयत. ती जिवंत असेल तर अर्धं घर तिचं, आणि तिच्या सहीशिवायचं खरेदीखत कच्चं. मी विचारलं, "आणि ती स्वतःच मेले म्हणाली तर?"

"तो मैं इस घर का कागज नहीं करूँगा. आप दूसरा वकील देखो. मिल जाएगा."

मिळालाच असता. टेबल टाकून बसलाच होता तो. पण साहेब म्हणाले, आधी विचारू तर.

पुढच्या रविवारी आम्ही सगळे त्या घरात जमलो. साहेब, मी, नवरा आणि गावाहून आलेला पुतण्या. साहेबांनी सरळच विचारलं, की ही तुमची आत्या ना. पुतण्याचा चेहरा पडला, मग लाल झाला. "ती मेलीय," तो म्हणाला. "आजानं दिवस घातलेत तिचे. आख्ख्या गावाला म्हाईत हाय. विचारा कुनालाबी." हे तो तिच्यासमोर उभं राहून म्हणत होता, हातभर अंतरावरून, भिंतीकडं बघत. साहेबांनी तिला विचारलं. ती जमिनीकडं बघत म्हणाली, "ती कव्हाच मेली साहेब."

दोघंही खरं बोलत होते, त्यांच्या परीनं. मला वाटलं, आपणच इथं मेलेल्यांची जागा अडवून बसलोय. साहेबांनी कागद पिशवीत घालायला सुरुवात केली. माझं घर त्या पिशवीत चाललं होतं.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "अहो, मेली तर मग आम्हाला महिनाभर चहा कुणी पाजला?" मी ओरडले. "मेलेल्या बाईच्या हातचं पाणी प्यालात का तुम्ही एवढी वर्षं? गोठ्याशेजारी खोली कुणाला देताय, भुताला?" नवरा माझा दंड धरून ओढत होता. मी त्याचा हात झटकला. "आणि तुम्ही हो! कावळ्याचं ऐकता, माझं ऐका की जरा. मला घर पाहिजे, तुम्हालाही पाहिजे. सही करा, नावानं करा, आणि वरची खोली तुमची. हयात असेपर्यंत. साहेब, लिहा तसं खरेदीखतात."

"अगं, आधी घरी तरी बोलायचं!" नवरा कुजबुजला.

"घर असतं तर घरी बोलले असते!"

मला काही फार मोठेपणा दाखवायचा नव्हता. खरं सांगायचं तर, तिच्याबरोबर एका छपराखाली राहायच्या कल्पनेनं पाठीतून थंडी जात होती. पण दुसरा मार्ग दिसेना. पुतण्या बाहेर पडला. तीही पडवीत निघून गेली. आम्ही हात हलवत परत आलो, आणि मी रात्रभर स्वतःला शिव्या दिल्या.

आठव्या दिवशी तो साहेबांच्या जिन्यात बसलेला मुनशीला दिसला. आत आला आणि म्हणाला, "लिहा काय लिहायचं ते." त्याला कशानं पटलं ते त्यानं सांगितलं नाही. दुकानाची घाई असेल, किंवा दुसरं काही. मग प्रतिज्ञापत्रं झाली. गावाकडून दोन म्हातारे ओळख पटवायला आले. त्यातला एक तिला बघून साहेबांच्या जिन्यातच मटकन खाली बसला आणि हात जोडत राहिला, जणू तिनं त्याचं काही करू नये. ती त्याला म्हणाली, "व्हय रं, मीच हाय." आणि मग घाबरून माझ्यामागं लपली.

नोंदणीच्या दिवशी कचेरीत ही गर्दी. आम्ही सकाळी दहाला जाऊन बसलो, नंबर आला दुपारी. तिनं माझी जुनी निळी साडी नेसली होती. माझं मनगट तिनं एवढं घट्ट धरलं होतं, की बोटांचे वळ उठले. आता ही ऐन वेळी मेले म्हणाली, की सगळं मुसळ केरात. पुतण्या आमच्या मागं उभा होता, नेहमीसारखा छताकडं बघत.

खुर्चीतला नोंदणी अधिकारी तरुण होता. त्यानं मान वर न करता विचारलं, "नाव?"

ती गप्प. त्यानं परत विचारलं. मागची माणसं चुळबुळायला लागली. मी तिच्या कानात काही सांगणार, तेवढ्यात आमच्या वकीलसाहेबांनी बोटानं मला गप्प राहायची खूण केली. ती ओठ हलवत होती, आवाज येत नव्हता. आणि मग आला. आधी तिचं नाव, मग थांबून बापाचं, मग आडनाव. पहिलीतल्या पोरी सांगतात तसं सगळं एका दमात, मोठ्यानं. अधिकाऱ्यानं लिहून घेतलं. त्याला काय माहीत, त्याच्यासमोर काय घडतंय ते!

"वय?"

"सोळा," ती म्हणाली.

अधिकाऱ्यानं तेव्हा मान वर केली. तिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. मागं कुणीतरी फिसकन हसलं. ती गोंधळली नव्हती, चेष्टाही करत नव्हती. तिला विचारलं ते तिनं सांगितलं होतं. पुढचं कुणी मोजलंच नव्हतं, मग तिनं तरी कशाला मोजावं? वकीलसाहेब काहीतरी बोलायला पुढं वाकले.

त्यांच्याआधी पुतण्या बोलला. "सत्तावन्न लिहा सायब," तो म्हणाला. आवाज फाटलेला. "माझ्या बापाच्या पाठची हाय ती. दोन वर्सांनी धाकली." मग तो छतावरून खाली आला, म्हणजे त्याची नजर आली, आणि तिच्या तोंडावर थांबली. "आत्या, सत्तावन्न झाले तुला."

तिनं शाई लावलेला अंगठा तसाच वर धरला होता. ती त्याच्याकडं बघत राहिली. त्याचे पिकायला लागलेले केस, त्याच्या डोळ्याखालच्या सुरकुत्या, सगळं एकेक करून बघितलं.

"सत्तावन्न?" ती म्हणाली. "मंग मी म्हातारी झाले की रं."